सोडा नको, रक्तवाढीची गोळी सोडू नका

प्रश्न : सातवा महिना सुरू आहे. रात्री आडवं झालं की छातीत आग होते, आंबट पाणी घशाशी येतं. रक्तवाढीच्या लाल गोळीनं जास्तच होतं म्हणून ती बंद केली. सासूबाई पाण्यात खायचा सोडा देतात. घेऊ का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, सोडा नको. त्यानं पोटात गॅस धरतो आणि अंगात मीठ जातं, ते या दिवसांत परवडत नाही. गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, शिवाय वाढलेलं गर्भाशय खालून जठराला दाबतं. म्हणून आम्ल वर येतं.

गोळी मात्र उद्यापासून सुरू करा. उपाशीपोटी सोसत नसेल तर दुपारच्या जेवणानंतर लगेच घ्या. त्यातलं लोह अंगात थोडं कमी शोषलं जाईल, पण बंद करण्यापेक्षा ते बरं. तिच्या आधी-नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत घ्या, लाल गोळीसोबत कधीच नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या. अ‍ॅसिडिटीचं औषध नर्सबाईंना विचारूनच, तेही लाल गोळीपासून दोन तास लांब. लाल गोळीनं शौच काळी होते, घाबरू नका.

रात्रीचं जेवण सातलाच, अर्धी भाकर आणि पातळ वरण. गोळाभातावरचं कच्चं तेल, ठेचा, भजे सध्या राहू द्या. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, वाकून निंदणही नाही.

बाजेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा द्या. उंची साधारण 15 सेंटिमीटर हवी. बाज हलत नाही ना, ते आधी कुणाला तरी बसवून पाहा. सुंभ सैल असेल तर आवळून घ्या, नाहीतर मध्ये खोलगा पडून पोट दुमडतं. नुसत्या उशा रचल्यानंही तेच होतं. झोपायचं डाव्या कुशीवर.

बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, जोरात दुखलं, डोकं ठणकलं, नजर अंधुक झाली किंवा चेहरा-हात अचानक सुजले, तर ती अ‍ॅसिडिटी समजू नका. रक्तदाब वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी चिकट काळी शौच झाली तरीही थांबू नका. लगेच आशाताईंना हाक मारा, 108 ला फोन करा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.