इम्पॅक्ट फीच्या पैशातून जुने रस्ते का दुरुस्त करत नाहीत?

प्रश्न असा, की अमेरिकेत नवं घर बांधताना रस्त्यांसाठी हजारो डॉलर ‘इम्पॅक्ट फी’ भरायची, तर समोरचे खड्डे तरी त्यातून का बुजवत नाहीत?

कारण ते पैसे फक्त नव्याने वाढणाऱ्या वाहतुकीसाठी असतात. एका स्वतंत्र घरामुळे दिवसाला साधारण नऊ-दहा फेऱ्या वाढतात असं धरतात. मग चौकातली जादा लेन, नवा सिग्नल यांच्या खर्चात तेवढाच वाटा त्या घराचा. आधीची कोंडी, उखडलेलं डांबर हा सगळ्यांचा बोजा. तो पेट्रोलवरचा कर वगैरेंतून भागवायचा.

गाड्या काही गावाची हद्द पाहून थांबत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियात पश्चिम रिव्हरसाइड भागातली शहरं एकत्र येऊन प्रादेशिक रस्त्यांसाठी सामाईक शुल्क घेतात.

त्याच राज्यात एल डोराडो काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकाकडून त्याच्याच जागेवर छोटं तयार घर ठेवण्यासाठी २३,४२० डॉलर इम्पॅक्ट फी घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२४ मध्ये निकाल एकमताने लागला: शुल्क कायदा करून लावलं, एवढ्यावरून ते घटनात्मक कसोटीतून, म्हणजे शुल्क त्या बांधकामामुळे पडणाऱ्या बोजाशी जुळतं आणि त्याच्या प्रमाणात आहे का या तपासणीतून, सुटत नाही. रक्कम जास्त होती का, हे मात्र न्यायालयाने ठरवलं नाही.

आणि हो, बांधकामं थंडावली की इम्पॅक्ट फीचा हा झरा आटतो.