प्रकल्प घ्यायचा तर पावसाचा घ्या

मॅडम, पहिल्यांदाच सहावीला प्रकल्प देताय, तर थर्माकोलचे किल्ले आणि ज्वालामुखी आधी बाजूला ठेवा. ते रात्री जागून कोण करतं, हे आपल्याला ठाऊक आहे. गाईडमध्ये उत्तर नसलेला प्रश्न शोधा. जूनमध्ये माझी पसंती एकच: शाळेच्या छतावर किती पाणी पडतं?

पाऊस मोजायला सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बाटलीचा तळ खालीवर असतो; म्हणून खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा, तिथे शून्य ठेवून पट्टी चिकटवा. झाडाखाली, पागोळ्यांजवळ ठेवू नका. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. तुमची वेळ वेगळी चालेल, पण ती बदलू नका. रविवारी कोण मोजणार, ते पोरांनाच भांडून ठरवू द्या.

खरी गंमत गणितात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छत 60 चौरस मीटर, पाऊस 10 मिलिमीटर, तर 600 लिटर! छताचं माप खालून, भिंतीलगत टेप धरून घ्या. वर कोणी चढायचं नाही.

गटात चौघं पुरेत, जास्त झाले की दोघं राबतात आणि बाकीचे हजेरी लावतात. गुण नोंदवहीला द्या, सजावटीला नको. शेवटी हे आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांनीच मांडावेत. सदस्य उलटे प्रश्न विचारतील, तेव्हा मध्ये पडू नका.