प्रश्न वाचकांचे : कोकणचं रान, विदर्भाची माती

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात २० गुंठे जागा घेतली आहे. उतारावर किंजळ, ऐन, चार-दोन रातांबे (कोकमाची झाडं) आणि पुष्कळ झुडपं आहेत. ठेकेदार म्हणतो, मार्चमध्ये जेसीबी फिरवून पालापाचोळा जाळतो, मग कलमं लावा. तसं करावं का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. आपल्याकडच्या खोल काळ्या जमिनीत वरची वीतभर माती इकडची तिकडे झाली तरी खाली तीच माती असते. कोकणात तसं नसतं. तिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्या पाण्याबरोबर चुना, मॅग्नेशियम, पालाश निघून जातं आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरतं. म्हणून माती लाल, आम्लधर्मी आणि खत धरून ठेवायला दुबळी. तरीही रान हिरवंगार दिसतं, कारण त्याची पुंजी झाडांत आणि पडलेल्या पानांत असते. पावसाळ्यात बुरशी आणि वाळवी पानं कुजवतात, आणि उथळ पसरलेली बारीक मुळं ते सत्त्व वाहून जाण्याआधीच ओढून घेतात.

हा सगळा व्यवहार मुख्यतः वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये चालतो. २० गुंठ्यांवरून १५ सेंटिमीटर थर खरवडला, तर शंभर ब्रासच्या वर माती निघते. तेवढी चांगली माती विकत आणायला निघालात तर जागेच्या किमतीचा पुन्हा विचार करावा लागेल! थर गेला की जुलैच्या पावसात उरलेली मातीही ओहोळात जाते आणि खालचा जांभा दगड उघडा पडतो. तो उन्हात टणक होतो. त्यातून चिरे निघतील, झाड नाही.

जाळण्याचं म्हणाल तर नत्र धुरातून जातं, राखेतलं पालाश पहिल्या सरींत वाहून जातं आणि किंजळ-ऐनाची लहान रोपं मरतात. मोकळ्या जागेवर सगळ्यात आधी येते ती रानमोडी, म्हणजे झुडपासारखं वाढणारं तण. तिला ऊन हवं असतं आणि बी वाऱ्यावर येतं. म्हणजे जे काढायला आग लावली, तेच दुप्पट उगवणार.

त्याऐवजी असं करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात माती मऊ असते आणि रानमोडीला फुलं यायची असतात. तेव्हा ती मुळासकट उपटून, मुळं वर करून तिथेच पसरवा. नुसती कोयत्याने तोडली तर फुटते. सलग दोन-तीन वर्षं हे करावं लागेल. मोठी झाडं ठेवा. ऐन, किंजळ तोडायला महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीही लागते, हे ठेकेदार सहसा सांगत नाहीत.

मोकळ्या जागी, एकमेकांपासून ६ मीटरवर, ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डे घ्या. ३० सेंटिमीटरवर कातळ लागला तर खड्डा सरकवा. कातळावर पाणी साचून जुलैत मुळं कुजतात. कोकमाची कलमंच लावा. बियांच्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. दहा मादी कलमांमागे एक नर झाड पुरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती मागा.

प्रश्न : गच्चीवर कुंडीत काळी माती भरून कोकम लावलं. नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेणखत वाढवलं, फरक नाही.
– एक वाचक, महाल

उत्तर : ही लोहाची उपासमार आहे. गंमत अशी की काळ्या मातीत लोह भरपूर असतं. रत्नागिरीकडचा जांभा आणि आपली काळी माती, दोन्ही एकाच काळ्या पाषाणातून तयार झाल्या. तिथे पावसाने चुना धुऊन नेला, इथे तो चुनखडी होऊन राहिला. चुनखडीच्या मातीत लोह विरघळत नाही, म्हणून झाडाला मिळत नाही. चिमूटभर सुक्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे असं समजा.

झाड काढून २०० लिटरच्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावा. तळाला पाच-सहा भोकं पाडा. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग पानांचं खत घ्या. तातडीचा उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. बाजारात लोहाची खतं दोन प्रकारची मिळतात, त्यांतलं ईडीटीए लोह चुनखडीच्या मातीत टाकून उपयोग होत नाही. मातीतून द्यायचं तर दुसरं, ईडीडीएचए लोह घ्या.

मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी जाळी हवीच. मेमधल्या कोरड्या झळांनी पानांची टोकं करपतात, त्याला लोहाचा इलाज नाही. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कोकमाला घालू नका. वाफ होऊन त्यात क्षार साठलेले असतात. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून वापरा. झाड जगेल, आमसुलं मात्र वाण्याकडूनच आणावी लागतील.

प्रश्न : चिखलदराही डोंगरावर, महाबळेश्वरही. मग आपल्याकडे सदाहरित जंगल का नाही?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : पाऊस कमी हे एक कारण, पण तेवढंच नाही. कोरडे महिने दोन्हीकडे सात-आठ. महाबळेश्वरला समुद्राचा दमट वारा आणि धुकं पोचतं, मेमध्येही पारा तिशीच्या आसपास असतो, म्हणून अंजनी, जांभूळ, पिसा पानं टिकवून उन्हाळा काढतात. मेळघाटात समुद्र दूर, हवा कोरडी. तिथे पानं ठेवणं झाडाला परवडत नाही, म्हणून सागवान पानं गाळून मोकळं होतं. तिथलं जांभूळ हिरवं दिसतं ते बहुधा नाल्याकाठी, जिथे मुळांना उन्हाळ्यातही ओल सापडते.