दुखणं उलटलंय, डॉक्टर लांब आहेत. डब्यातली जुनी स्टेरॉइडची गोळी सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) आहे, दोन वर्षं सगळं शांत होतं आणि आता दहा दिवसांपासून पुन्हा रक्त पडतंय. नोकरी मेळघाटात धारणीला, डॉक्टर नागपूरला, रजा मिळत नाही. गेल्या वेळच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या शिल्लक आहेत, त्या चालू कराव्यात का, हा प्रश्न.

नका करू. निदान कुणा डॉक्टरशी बोलल्याशिवाय तरी नको. मी स्वतः डॉक्टर नाही. राजापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि चौदा वर्षं हेच दुखणं घेऊन जगते. तुम्ही जे करायच्या बेतात आहात ते मी एकदा करून बसले आहे, म्हणून लिहितेय.

माझे पोटाचे डॉक्टर कोल्हापूरला. पावसाळ्यात अणुस्कुरा घाटात दरड आली की आमचा तिकडचा रस्ता संपला. अशाच एका जुलैत मला मुरडा सुरू झाला, आव आणि रक्त पडू लागलं. आजार ओळखीचा, गोळी ओळखीची, मात्रासुद्धा तोंडपाठ. घेतली. दोन दिवस भूक लागली, तरतरी आली, वाटलं जमलं. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि पोटात असा पिळा की उभं राहवेना. तालुक्याच्या दवाखान्यात शौचाची साधी तपासणी केली तर अमिबा निघाला. विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं आणि आम्ही ते नुसतं गाळून पीत होतो. म्हणजे कोलायटिस उलटलाच नव्हता, किंवा उलटला असला तरी त्याच्या आड दुसरंच काही होतं. अमिबा असताना स्टेरॉइड घेतलं तर आतड्याचं फार वाईट होऊ शकतं, हे मला सलाइन लावल्यावर कळलं. रक्त दोन्हीकडे पडतं, मुरडा दोन्हीकडे येतो, रुग्णाला आतून फरक कळत नाही. म्हणून गोळीच्या आधी शौचाची तपासणी. ती कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होते. हल्लीच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा, त्यानंतर वेगळ्या जंतूचा संसर्ग होतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. सोबत रक्ताचं सीबीसी (पेशींची मोजणी) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) करून घेतलंत तर फोनवरच्या डॉक्टरांच्या हातात काहीतरी पडतं.

आता डॉक्टर गाठायचा कसा. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार, डॉक्टरांनी तुम्हाला त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलं असेल तर फोन किंवा व्हिडिओवरचं बोलणं फेरतपासणीत धरतात. सहा महिने उलटून गेले असतील तर ती पुन्हा पहिली भेट मानली जाते आणि औषध लिहून देण्यावर जास्त बंधनं येतात. बरं असतानाही मी दर पाच महिन्यांनी कोल्हापूरची फेरी करते ती याचसाठी. घरचे म्हणतात, हिला मिसळ खायला जायचं असतं. (तेही खरं आहे, पण आजार शांत असतानाच.) नागपूरचे डॉक्टर फोनवर येतच नसतील तर ई-संजीवनी आहे, डॉक्टरांशी ऑनलाइन बोलायची सोय, सरकारी आणि फुकट. ॲप जमत नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात जा, तिथले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) तुम्हाला समोर बसवून डॉक्टरांशी जोडून देतात.

पण फोनवर काय सांगायचं, ते आधी गोळा करा. “फार त्रास होतोय हो डॉक्टर” यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. मी काय करते ते सांगते. संडासाच्या दाराबाहेर कालनिर्णय टांगलंय, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलीय. जाऊन आलं की त्या तारखेच्या चौकटीत एक रेघ. रक्त असेल तर रेघेवर फुली. रात्री झोपेतून उठावं लागलं तर रेघेखाली टिंब. सकाळी नाडी आणि ताप, तेही तिथेच. मागच्या खेपेला घाट बंद होता आणि घरात रेंज नव्हती. छत्री घेऊन सड्यावर गेले, कातळावर एका कोपऱ्यात दोन दांड्या मिळतात तिथे उभी राहिले आणि फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती वेळा, त्यात रक्त किती वेळा, रात्री किती, नाडी किती, वजन किती उतरलं. मी पावसात कालनिर्णयाचं पान धरून वाचत गेले. चार मिनिटांत बोलणं झालं. आधी शौचाची तपासणी सांगितली, ती निर्दोष आल्यावर मेसालामाइनची (आतड्याची सूज आवरणारी, या आजारातली रोजची गोळी) मात्रा वाढवली आणि एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं औषध, जोडला. एनिमा राजापुरात मिळेना. कोल्हापूरच्या दुकानदाराने गगनबावड्यामार्गे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे पुडकं दिलं.

एनिमाला लाजू नका. आजार मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर औषध थेट तिथे पोचतं, आणि नुसत्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून जास्त गुण येतो. रात्री, संडासला जाऊन आल्यावर, डाव्या कुशीवर पडून घ्यायचा. पहिल्या दोन रात्री माझ्या पोटात तो दहा मिनिटंही टिकला नाही, तिसऱ्या रात्री टिकला.

एक अवघड प्रश्न विचारते, रागावू नका. दोन वर्षं बरं होतं म्हणता, त्यात मेसालामाइन रोज घेत होतात का? बरं वाटलं की गोळी सुटते. दुखणं उलटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि मीही त्यात सापडले आहे. सुटली असेल तर डॉक्टरांना तसंच सांगा, ते ओरडतील, पण त्यावरून उपाय बदलतो. दुसरं, कंबर किंवा दात दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतलंत का? तेही भडका उडवू शकतं. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरे. आणि जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी मनाने घेऊ नका. भडका मोठा असेल तर आतडं फुगून अडचण होते.

खाण्याबद्दल माझं मत असं की या दिवसांत आजार अन्नाने बरा होत नाही, फक्त सोसवतं ते खायचं. मी पेज, मऊ भात, मुगाचं वरण यावर राहते. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आमच्याकडे शेजारीपाजारी कुड्याची साल आणून देतात. मी ती ठेवून घेते, पण पोटात घेत नाही, कारण मग कशाने काय झालं ते डॉक्टरांना सांगता येत नाही.

आता रजेचं. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी भडका किती मोठा हे ओळखायची एक मोजपट्टी दिली, ती आजही वापरतात. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौचं, आणि त्यासोबत नाडी नव्वदच्या वर, ताप १०० फॅरनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची आणखी एक तपासणी) तीसच्या वर, यातलं एक जरी असलं तरी तो मोठा भडका, आणि तो दवाखान्यात दाखल होऊनच आवरायचा. तिथे रजा मंजूर व्हायची वाट बघायची नाही. नागपूरचा हट्टही नको, परतवाड्यामार्गे अमरावती गाठा, एकदा सलाइन आणि इंजेक्शनं सुरू झाली की पुढचं तिथून ठरेल. पोट टम्म फुगलं, हात लावू देईना, चक्कर येऊन पडलात, किंवा जुलाब एकाएकी थांबूनही जास्तच गळून गेल्यासारखं वाटलं, तर आकडे मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

प्रेडनिसोलोन सुरू करून बसलाच असाल, तर ते लपवू नका. आणि घाबरून एकदम बंदही करू नका. तीनेक आठवड्यांहून जास्त घेतलेलं असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावतं, ते उतरत्या मात्रेनेच सोडावं लागतं. किती दिवस, किती मिलिग्रॅम, हे कालनिर्णयावर लिहून ठेवा.

अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबून हा आजार आवरणारी गोळी) चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि सोबत ताप किंवा घसा दुखत असेल, तर सीबीसी उद्यावर टाकू नका, त्या गोळीने पांढऱ्या पेशी उतरू शकतात. लॅबचा आकडा आला की इथेच खाली लिहा, डॉक्टरांना पाठवायचा मेसेज कसा मांडायचा ते मी माझ्या जुन्या मेसेजवरून उतरवून देते.