स्लॅब फोडून नाणी फ्रेममध्ये लावावीत का?

तुमच्याकडे ग्रेडिंग झालेली, म्हणजे कंपनीकडून दर्जा ठरवून घेतलेली चांदीची नाणी आहेत. बोनसमधून त्यांच्यासाठी दिव्यांचं काचेचं कपाट करायचं, आणि प्लॅस्टिकचे स्लॅब (कंपनीने नाणं सीलबंद केलेल्या डब्या) शोभत नाहीत म्हणून नाणी बाहेर काढून मखमली फ्रेममध्ये बसवायची, असा बेत तुम्ही कळवलात. 'त्याने संग्रहाची किंमतही वाढेल ना?' असंही विचारलंत. वाढणार नाही. स्लॅब फोडलेत तर ती घटण्याचीच भीती जास्त.

पीसीजीएस किंवा एनजीसी यांच्यासारख्या ग्रेडिंग कंपन्या नाणं अस्सल आहे का ते बघतात, १ ते ७० या शेल्डन मोजपट्टीवर दर्जा ठरवतात आणि मगच ते डबीत सीलबंद करतात. त्यांची हमी त्या बंद डबीपुरतीच असते. ६५ आणि ६६ मधला फरक नवख्या डोळ्याला दिसतही नाही, पण भावात तो पुष्कळ असू शकतो. सुटं नाणं पाहून कोणी ६६ चा भाव का देईल? पुन्हा ग्रेडिंग करायचं तर फी, टपाल, विमा सगळं नव्याने, शिवाय तोच दर्जा मिळेल याची खात्री नाही. मध्येच कोणी नाणं चमकवायला पुसलं, तर आकड्याऐवजी नुसता 'डिटेल्स' (नाणं अस्सल, पण बिघडवलेलं) असा शेरा येऊ शकतो.

मखमलीचं मला जास्त भय वाटतं. काही कापडं, रंग आणि गोंद यांतून गंधकयुक्त वायू सुटतात, त्यांनी चांदी काळवंडते. स्लॅबही पूर्ण हवाबंद नसतो, म्हणून स्लॅबसकट मांडतानाही कपाटातलं अस्तर जपून निवडा. पारदर्शक ॲक्रिलिकचे स्टँड किंवा स्लॅबच्या मापाच्या खाचा असलेली फ्रेम घ्या. ऊन नको, तापणारे दिवे नकोत, जवळ सिलिका जेलची पुडी असू द्या. डबीवर ओरखडे पडले असतील तर फी भरून कंपनीकडून ती बदलून मिळते. तुमची खरी तक्रार दिसण्याबद्दल आहे, तेव्हा हा खर्च मला पटतो.

कपाट मात्र हौसेच्या खर्चात धरा, गुंतवणुकीत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी नसेल, तर बोनसचा छोटा भाग खुशाल वापरा. पण त्याआधी घराच्या विम्यात नाण्यांना संरक्षण आहे का ते विचारा, कारण बऱ्याच पॉलिसींत संग्राह्य वस्तूंवर मर्यादा असते. सगळ्यांत मौल्यवान दोन-तीन नाणी लॉकरमध्येच ठेवा. विम्यासाठी यादी करताना प्रत्येक स्लॅबचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या नोंदीशी नाणं जुळवून बघा, बाजारात बनावट स्लॅबही फिरतात.