पणजोबांच्या मागे जायचंय? फेरफार काढा

दादा, तुम्ही वंशावळ सातबाऱ्यावर शोधताय, म्हणून आजोबांपाशीच अडलात. सातबारा फक्त शेवटचं चित्र दाखवतो. खरी माणसं सापडतात गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत; जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, ते तिथे लिहिलेलं असतं. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ना, ते फेरफारांचे नंबर. सर्वात जुना आकडा धरून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा आणि तिथून एकेक पायरी मागे जा.

वारसाचा फेरफार तर नीट, दोनदा वाचा. खातेदार कधी मयत झाला, मागे मुलं किती, विधवा कोण, सगळं तीन-चार ओळींत असतं. माझ्या पणजीचं नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं. ते मला अशाच एका नोंदीत मिळालं: ‘भागीरथी कोम रामजी’. ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव बरेचदा नसतंच, त्यामुळे आडनावावरून शोधू नका. बापाचं नाव आणि गाव धरा.

जन्म-मृत्यूसाठी जुना गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक मागा. आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवहीही बघा. आणि जुनी पानं मोडी लिपीत असतील, म्हणून मोडी आत्ताच शिकायला घ्या. त्र्यंबकेश्वरला कुणी विधीला गेलं असेल, तर तिथल्या उपाध्यांच्या वह्यांतही नावं सापडू शकतात.