सुई प्रत्येकाची वेगळी, पण बाटली एकच. एचआयव्ही होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरचा तुमचा धाकटा भाऊ, वय २२, चार मित्रांसोबत शिरेतून इंजेक्शन घेतो. काचेची बाटली पाचांत एक, आणि विचारलं तर म्हणतो, "सुई तं मनी अलग शे."

होऊ शकतो. एचआयव्हीला रक्त लागतं, आणि ते रक्त सुईच्या टोकापुरतं राहत नाही.

सुई शिरेत गेली का हे बघायला दट्ट्या जरासा मागे ओढतात. आत लाल धागा येतो. त्या क्षणी अख्खी सिरिंज रक्ताळली. आता सुई बदलून तीच सिरिंज परत बाटलीच्या रबरी बुचात खुपसली की रक्ताचा अंश औषधात उतरतो आणि पुढचे चौघं त्यातूनच ओढतात. औषध मात्र डोळ्याला स्वच्छच दिसतं. पावडर विरघळवून घेत असतील तर चमचा, गाळायचा कापूस आणि सिरिंज खंगाळायचा पाण्याचा ग्लास, या तिन्हींतून हेच होतं. एकाच सिरिंजमध्ये भरून दुसऱ्यांच्या सिरिंजमध्ये वाटून देणं हाही तोच प्रकार.

सिरिंज कुठली यानेही फरक पडतो. सुई काढता येणाऱ्या २ किंवा ५ मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी ८४ मायक्रोलिटरपर्यंत द्रव उरू शकतो. सुई जोडूनच येणाऱ्या इन्सुलिन सिरिंजमध्ये तो जेमतेम २ मायक्रोलिटर. प्रयोगशाळेत सिरिंजमधल्या रक्तात हा विषाणू थंडाव्यात ४२ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. उष्णतेत तो लवकर मरतो, पण आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हावर भिस्त ठेवू नका. पाच जणांत सिरिंज फिरते ती पाच मिनिटांत.

लागण झालेल्याची सुई वापरली तर सरासरी १०,००० वेळांत ६३ वेळा लागण होते. आकडा लहान वाटतो, पण रोज दोनदा घेणाऱ्याची वर्षाला सातशेच्या वर इंजेक्शनं होतात. नुकतीच लागण झालेल्याच्या रक्तात विषाणू खूप असतात, तिथे धोका आणखी वाढतो. २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ९.०३ टक्के होतं, देशातल्या सर्व प्रौढांत ०.२१. हिपॅटायटिस सी तर याहून सहज पसरतो.

आज भावाला एवढंच विचारा: शेवटचं एकत्र कधी घेतलं? ७२ तास उलटले नसतील तर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लगेच न्या, रात्र असेल तर अपघात विभागात. सरळ सांगा, "सुई-सिरिंज शेअर झाली आहे, पीईपी हवंय." पीईपी म्हणजे धोका घडल्यावर एचआयव्हीची लागण रोखायला घ्यायचं औषध: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी एकच गोळी, रोज एक, २८ दिवस. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. मधेच बंद करू देऊ नका. बरेच जण दुसऱ्या आठवड्यात "आता बरं वाटतंय" म्हणून सोडतात.

७२ तास उलटून गेले असतील तरी तपासणी कराच. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ती मोफत असते. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय चाचणी होत नाही आणि निकाल गुप्त राहतो. आज, ६ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी, अशा तीन वेळा करा, कारण ताजी लागण पहिल्या चाचणीत दिसेलच असं नाही. त्याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासून घ्या. सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी नसेल तर लस आहे, ०, १ आणि ६ महिन्यांनी. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.

आणि कृपा करून त्याच्या सिरिंज फेकून देऊ नका. रागात फेकल्या की संध्याकाळी तो मित्राची सिरिंज घेतो, धोका तिथेच वाढतो. जोवर घेतोय तोवर दर वेळी नवी सिरिंज, स्वतःची बाटली, स्वतःचं पाणी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा, म्हणजे घंटागाडीवरच्या माणसाला टोचणार नाहीत. नवी मिळतच नसेल तर शेवटचा उपाय ब्लीच: आधी थंड पाण्याने तीनदा धुवा (गरम पाण्याने रक्त गोठून चिकटतं), मग पाणी न मिसळलेलं ब्लीच भरून किमान ३० सेकंद हलवा, ओतून टाका, शेवटी नव्या पाण्याने खंगाळा. याने धोका घटतो, नवी सिरिंज ती नवीच.

बाटलीवरचं औषधाचं नाव वाचून फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तेच लागेल. पेंटाझोसिन किंवा ब्युप्रेनॉर्फिन असेल तर ही अफूच्या वर्गातली नशा आहे. तिच्यावर ओएसटी उपचार आहे: केंद्रावर समोर बसवून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवून देतात, तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहते, शिरेत सुई घालायची गरज उरत नाही. जिमवाल्या मुलांत चालतं ते मेफेन्टरमाइन असेल तर ओएसटीचा उपयोग नाही. ते हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवतं, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि ईसीजी लागेल. व्यसनमुक्तीचं जवळचं केंद्र १४४४६ वर सांगतात.